पायाळूची आई

व्याही पालथे पडले होते आणि माझा डावा पाय त्यांच्या कमरेवर होता, तेव्हा त्यांनी तो विषय काढला.

"विहीणबाई, जीप आणलीय. वनीला आत्ताच न्यायची."

"मोकाशीबाईंकडं जायला येष्टी हाय की. जीप कशापायी?"

"मोकाशीबाईकडं न्हाय. आधी कंबर मोकळी करा, मग सांगतो."

रंगरावांची कंबर वर्षातून दोन-तीनदा तरी धरायची, आणि धरली की ते वाकडेतिकडे होत थेट माझ्या पिठाच्या गिरणीत यायचे. मुलीच्या सासऱ्याला पाय लावायचा म्हणजे केवढी पंचाईत! वनिताचं लग्न झाल्यावर पहिल्यांदा ते उसण भरून आले, तेव्हा मी चक्क नाही म्हणाले होते. पण "पाय तुमचा न्हाय, देवाचा हाय" असं म्हणून ते गोणपाटावर सरळ आडवेच झाले. तेव्हापासून आमचं ठरून गेलं. आधी मी त्यांना हात जोडायचे आणि मग लाथ मारायचे.

मी पायाळू. म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले आणि डोकं मागून. अशा माणसाची लाथ कमरेवर बसली की भरलेली उसण उतरते, असं आमच्या माण भागात सगळे मानतात. विहिरीची जागा बघायला पायाळूला नेतात. आभाळ कडाडायला लागलं की त्यालाच आधी घरात ओढतात, कारण वीज म्हणे त्याच्यावरच पडते. उसण खरंच उतरायची का, ते मला आजही सांगता येणार नाही. निम्म्यांची आपोआप उतरत असेल. पण गोणपाटावरून उठणारा माणूस खुशीत उठायचा, माझ्या पायाला हात लावायचा आणि जाताना दळण टाकून जायचा. नवरा लवकर गेला, तरी गावात मला कुणी बिचारी म्हटलं नाही ते या पायामुळे.

रंगराव उठून बसले. कंबर इकडून तिकडे फिरवून पाहिली. समाधान झालेलं दिसलं.

"आता सांगा," मी म्हणाले.

"फलटणच्या अंगाला एक डॉक्टर हाय. माझ्या ओळखीचा. सलाईन लावून कळा आणतो आन् सांजच्या आत बाई मोकळी. चिरफाड न्हाय, काय न्हाय. दत्तानं काल सांगितलं, तुमची ती मोकाशीबाई पोट फाडाय निघालीय. आमच्या घरात पायाळू नातवंड येतंय विहीणबाई, आन् ती बाई त्येला पोटातनं उपसून काढणार? मग पायाळू कसलं?"

दत्ता म्हणजे माझा जावई. तो बाहेर जीपच्या बॉनेटला टेकून उभा होता. मुलगा चांगला, पण बापापुढे त्याचं तोंड उघडायचं नाही.

वनिता पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे आली होती. आठव्या महिन्यातच तालुक्याच्या डॉक्टर मोकाशीबाईंनी बाळ उलटं असल्याचं सांगितलं होतं. पुढं पोटावरून हातानं बाळ फिरवूनही पाहिलं, पण ते हटवादी निघालं, आजीवर गेलेलं. गावाला मात्र कोण आनंद! दळायला आलेली प्रत्येक बाई आत डोकावून वनिताच्या पोटाकडे कौतुकानं बघून जायची. "चांगुणे, तुझी गादी चालवणारं आलं बघ," असं म्हणायची. मी हसायचे. घरात जाऊन मात्र मला जेवण जायचं नाही.

दिवस भरून वर गेले, तरी कळा येईनात. म्हणून आदल्या दिवशी आम्ही मायलेकी आणि दत्ता तालुक्याला मोकाशीबाईंकडे गेलो. बाई वयानं लहान, बोलायला सरळ. सोनोग्राफी करून त्यांनी वनिताला समोर बसवलं.

"बाळ एक पाय खाली सोडून आहे. आता थांबायचं नाही. ऑपरेशन करू या."

वनिताचा चेहरा उतरला. आमच्या गल्लीतल्या एकीचं ऑपरेशन झालं होतं आणि तिला जन्मभर हंडा उचलता येणार नाही, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

"बाई, कळा यायचं औषध द्या की," वनिता म्हणाली. "माझ्या नणंदंला दिलं हुतं. सलाईन लावलं आन् झाली मोकळी."

"तिचं बाळ डोक्यावर असणार. तुझं तसं असतं तर मीही दिलं असतं. बाळ नुसतं बसलेलं असेल, तर काही मोठ्या दवाखान्यांत सगळी तयारी ठेवून उलट्या बाळाचंही साधं बाळंतपण करतात. पण तुझ्या बाळाचा पाय खाली आलाय आणि तुझी पहिली वेळ आहे. औषधानं जोराच्या कळा आणल्या, तर पिशवीचं तोंड पुरतं उघडायच्या आत पाय आणि धड बाहेर येईल. डोकं सगळ्यात मोठं. ते मागं अडकलं तर? नाही तर नाळच आधी खाली घसरली तर? तेव्हा धावाधाव करण्यापेक्षा आज शांतपणे ठरवू. उद्या उपाशीपोटी या. रात्रीत कळा लागल्या किंवा पाणी गेलं, तर तशाच निघा."

डोकं मागं अडकलं तर, हे शब्द मी याआधीही एकदा ऐकले होते. परत येताना वनिता खिडकीतून बाहेर बघत मुसमुसत होती आणि मी तिला एक शब्दही बोलू शकले नाही. तिला वाटलं, आई नाराज आहे. गादी बुडाली म्हणून.

तर अशी ती सकाळ. वनिता उपाशी होती, मी पिशवी भरून ठेवली होती. येष्टीच्या आधी हातातलं एवढं दळण उरकायचं म्हणून गिरणी चालू केली होती, तेवढ्यात रंगराव आले.

"पाव्हणं," मी म्हणाले, "मोकाशीबाई सलाईन लावाय नको म्हणत्यात. धोका हाय म्हणून."

"धोका! तुमी कशा झाला? तवा कुठलं डॉक्टर हुतं? झालाच ना? आन् अशा धडधाकट!"

"बाईंनी तपासलंय. तुमच्या त्या डॉक्टरनं वनीला बघितलंय का?"

"बघंल की, नेल्यावर! त्येचा हात लई चांगला हाय."

"आन् त्येला सांगितलंय का, बाळाचा पाय खाली हाय म्हणून?"

रंगरावांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. म्हणजे सांगितलं नव्हतं. सून दिवस भरलेली आहे, कळा येत नाहीत, एवढंच सांगितलं होतं. माझं टाळकंच सरकलं.

पण मी काही बोलायच्या आत वनिता दारात आली. हातात तिची पिशवी. पायात चप्पल घातलेली.

"आये, मी जाते मामंजींबरुबर."

"कुठं जातीस?"

"सलाईन लावून बघू दे. न्हाईच झालं तर मग बघू. मला न्हाय चिरून घ्यायचं." तिचे डोळे रडून सुजलेले होते, पण आवाज ठाम होता. तिचा हा आवाज मी ओळखते, तो माझाच आहे. "आन् तुझ्यासारखं पायाळू झालं तर काय वाईट हाय? ल्हानपणापास्नं बघतीय, लोक तुझ्या पाया पडत्यात. माझ्या लेकरानं का न्हाय तसं व्हायचं?"

रंगराव खुश झाले. "बघा! शाणी हाय पोरगी. दत्ता, गाडी लाव दाराला!"

दत्ता जीपमध्ये बसला. जीप मागे येऊन गिरणीच्या पायरीला टेकली. वनिता एक हात भिंतीला आणि एक हात पोटाला धरून पायरी उतरायला लागली.

मी गिरणीचं बटण बंद केलं. पट्टा फटफट करत थांबला. गिरणी चालू असली की आम्हाला ओरडूनच बोलायची सवय. एकदम सगळं गप्प झालं आणि माझाच आवाज मला मोठा वाटायला लागला.

"वने, गाडीत बसायच्या आधी माझं ऐक. मग तुला जायचं तिकडं जा. मी आडवी येणार न्हाय."

"आये, उशीर हुतोय."

"हू दे. दत्ता, तुमी बी खाली उतरा. पाव्हणं, तुमी बसा."

माझं तोंड बघून असेल, पण तिघंही थांबले.

"माझी आई कशानं मेली, सांग," मी वनिताला विचारलं.

ती गोंधळली. "तापानं ना? पणजी म्हणायची, तू ल्हान असताना ताप आला."

"ताप न्हाय आला. मी आले."

मी हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मला वाढवलं माझ्या आज्जीनं, वडिलांच्या आईनं. तिनं मला ते सांगितलं ते वनिता माझ्या पोटात होती तेव्हा. सांगताना तिनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी फुटली. त्यानंतर तिनं तो विषय कधी काढला नाही, आणि मीही नाही.

"माझ्या आईचं बी दिवस भरून वर गेलं हुतं," मी म्हणाले. "कळा येईनात. सुईण म्हणाली, थांबा, लेकरू उलटं हाय, त्येच्या गतीनं येऊ द्या. पर आज्जीला धीर निघंना. तिनं कळा आणायचा काढा उकळला आन् आपल्या हातानं सुनंला पाजला. कळा आल्या, लई जोरानं आल्या. माझं पाय आलं, कंबर आली, आन् डोकं अडकलं. सुईणीनं ओढून काढलं मला. मी जगले. आई त्याच खाटंवर रगात जाऊन गेली. तिनं माझं तोंड बी बघितलं न्हाय."

वनिता पायरीवर खाली बसली. पिशवी तिच्या हातातून सुटली.

"मग गाव काय म्हणाया लागलं? पोरगी पांढऱ्या पायाची. आल्या आल्या आईला खाल्लं. आज्जीनं ते ऐकलं. तिला ठावं हुतं, दोष माझा न्हाय, तिच्या काढ्याचा हाय. पर तसं सांगणार कुणाला? एक दिवस शेजारणीची कंबर धरली हुती. आज्जीनं मला उचललं, माझा पाय तिच्या पाठीला लावला आन् म्हणाली, माझी नात पायाळू हाय, तिच्या पायाला गुण हाय. शेजारीण उठून चालाय लागली. झालं. दुसऱ्या दिवशी दारात माणसं. पांढरा पाय गेला, देवाचा पाय आला. ज्या पायानं आई मारली म्हणत हुते, त्याच पायाला हात लावून नमस्कार करायला लागली लोकं."

"विहीणबाई, पर ते जुनं..." रंगराव पुटपुटले.

"जुनं न्हाय पाव्हणं. तुमी ह्या गोणपाटावर किती येळा झोपलाय? गावातलं कोण न्हाय झोपलं? माझ्या पायाला सगळ्यांनी हात लावला. पर हा पाय भाईर आला तवा आईचं काय झालं, हे एकानं तरी इचारलं का? तुमी इचारलं?"

ते खाली बघायला लागले.

"तुमी म्हणता, तुमी झालाच ना. व्हय, मी झाले. जी वाचली न्हाय तिला कुठं इचारणार?"

मला राग आला होता. तो राग रंगरावांवर होता, गावावर होता, आज्जीवरही होता. खरं तर मला लाडानं वाढवणाऱ्या त्या म्हातारीवर मी तोवर रागावलेच नव्हते. ते सगळं त्या दिवशी एकदम वर आलं.

दत्तानं विचारलं, "मामी, काढा दिला नसता तर वाचल्या असत्या का त्या?"

लग्न झाल्यापासून बापासमोर तो माझ्याशी पहिल्यांदाच असं बोलत होता.

"मला न्हाय म्हाईत, बाबा," मी म्हणाले. "म्हातारीला बी न्हाय कळलं. काय जणी वाचत असतील बी. उलटं लेकरू म्हंजी मरणच, असं बाई बी म्हणाल्या न्हाईत. पर शिकल्याली डॉक्टरीण, तपासून, तोंडावर सांगती की हिला कळा आणाय नको. आन् आपण तिला सोडून, ज्येला काय बी सांगितल्यालं न्हाय अशाकडं हिला न्यायची? म्हातारीला सांगणारी नुसती सुईण हुती. म्हातारीनं तिचं ऐकलं न्हाय. मी ऐकणार हाय. माझी लेक मला पाहिजे. पायाळू नातवंड झालं न्हाय झालं, माझं काय अडत न्हाय. आजपास्नं ही लाथ बी बंद, तुमची शपथ."

रंगरावांनी झटक्यात वर बघितलं. एवढ्या सगळ्यात ते वाक्य त्यांना बरोबर लागलं. मला त्यातही हसू आलं असतं, पण वनिता उठत होती.

ती भिंतीला धरून उभी राहिली. पिशवी उचलायला वाकता येईना, म्हणून दत्ता पळत आला. त्यानं पिशवी घेतली. ती त्याच्याकडे बघत होती, बापाकडे नाही.

"मोकाशीबाईंकडं चला," ती म्हणाली.

"दत्ता," रंगरावांनी हाक मारली.

दत्तानं दार उघडून तिला पुढे बसवलं. मग तो बापाकडे वळला. "आबा, तुमी येणार असला तर मागं बसा. न्हाय तर येष्टीनं या."

गोणपाट उचलून, झटकून, घडी करून रंगरावांनी नीट कोपऱ्यात ठेवलं आणि माझ्या आधी जीपमध्ये चढले. एका खड्ड्यात जीप आदळली, तेव्हा वनितानं मागं हात केला आणि मी तो धरला. दवाखाना येईपर्यंत सोडला नाही.

"तिचं नाव काय हुतं गं?" तिनं मान न वळवता विचारलं.

बाळंतपणात गेलेल्या बाईचं नाव आमच्याकडे घेत नाहीत, ती त्रास देते म्हणतात. आज्जीसुद्धा 'ती' म्हणायची.

"सोनाबाई," मी मोठ्यानं म्हणाले. काही झालं नाही. जीप चालत राहिली.

मोकाशीबाईंनी उशीर झाल्याबद्दल आम्हाला चांगलं फैलावर घेतलं. दत्तानं सही केली. वनिताला आत नेताना तिनं पुन्हा बाईंना विचारलं, "हंडा उचलता येईल ना मला?" बाई म्हणाल्या, "काही महिने दत्तारावांना उचलू दे. मग दोन उचल." मग दार बंद झालं.

मी बाकावर बसले. देवाचं नाव घ्यायचं सुचलं नाही. मनात एकच चालू होतं, आतून आधी कोण येईल. बाळ आलं आणि वनिता आली नाही तर? तेच पुन्हा, तशीच एक पोर माझ्या मांडीवर, आणि मी तिच्या पायाबद्दल गावाला काहीतरी सांगत बसलेली. मी मनाशी ठरवलं, तसं झालं तर मी काही सांगणार नाही. लपवणार तर मुळीच नाही.

सिस्टर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन बाहेर आली. "मुलगी आहे. छान आहे."

दत्तानं घेतली. मी तिच्याकडे बघितलं, पण उठले नाही. माझी नजर दारावरच होती. सिस्टर म्हणाली, "टाके घालतायत. बरी आहे ती."

मग मोकाशीबाई टोपी काढत बाहेर आल्या. रंगराव इतका वेळ कोपऱ्यात उभे होते, ते पुढे झाले.

"बाई, एक इचारू का? काढताना आधी काय भाईर आलं?"

बाई थकल्या होत्या. त्यांना प्रश्न कळायला वेळ लागला. "पायच. खाली पाय होते, पाय धरूनच काढलं."

रंगरावांचा चेहरा असा उजळला की काय सांगू! "म्हंजी पायाळूच झाली की ओ! विहीणबाई, ऐकलंत? पायाळूच!" आणि दत्ताच्या हातातल्या दुपट्यात त्यांनी अलगद बोट घातलं, पाय शोधायला.

"पाव्हणं," मी म्हणाले, "हात काढा."

त्यांनी काढला.

"आधी तिची आई बघू."

वनिताला खोलीत आणलं, तेव्हा ती गुंगीत होती. चेहरा पांढराफटक, ओठ सुकलेले. मी शेजारी स्टूल ओढून बसले. दत्ता बाळाला घेऊन पायथ्याशी उभा होता आणि रंगराव टोपी हातात घेऊन दाराशी. कुणीच आत-बाहेर करेना. बऱ्याच वेळानं वनितानं डोळे उघडले. आधी छताकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आये, च्या मिळंल का?"

"आज पाण्याचा घोटसुद्धा नाही," सिस्टर सलाईनची बाटली बदलता बदलता म्हणाली.

वनितानं लहानपणी करायची तसं तोंड वाकडं केलं. मग तिला काहीतरी आठवलं आणि ती मान उचलायला लागली. "कुठाय? दाखवा की मला."

दत्तानं बाळ तिच्या गालाजवळ धरलं. ती त्या इवल्याशा तोंडाकडे बघत राहिली, बघतच राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. मला म्हणाली, "अगं, रडतीस कशाला? मी हाय की."

पायाळूची आई जिवंत कशी दिसते, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहत होते.